तिसरी तार

इंग्लंडमधलं हे घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी तीन गोष्टी मागे ठेवल्या: पडदे, एक शिडी आणि टेलिफोनची पाच सॉकेट्स. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, जिन्याखाली एक, वरच्या दोन खोल्यांत एकेक. एडीएसएल ब्रॉडबँड, म्हणजे फोनच्याच तारेवरून येणारं इंटरनेट, जोडलं तर राउटर ३ मेगाबिटच्या वर जाईना. शेजाऱ्यांची तार त्याच खांबावरून आलेली, पण त्यांच्याकडे साडेपाच. शिवाय दिवेलागण झाली की आमची लाइन तुटायची, जुळायची, पुन्हा तुटायची. कंपनीच्या माणसानं फोनवरून राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. तेही भक्तिभावानं केलं.

दोष निघाला भिंतीतल्या एका नारिंगी तारेत. गंमत म्हणजे ती तार तुटलेली नव्हती की सैलही नव्हती. जिथे जोडायची तिथेच चोख जोडलेली होती.

आपल्याकडे फोनला दोनच तारा असायच्या. लाइनमन यायचा, दातांनी वायर सोलायचा, भिंतीवरच्या डबीत दोन स्क्रूंखाली दोन टोकं दाबायचा, की फोन चालू. बोलणं दोन तारांवर होतं, ब्रॉडबँडही दोनच तारांवर येतं. ब्रिटनमध्ये मात्र १९८१ साली ब्रिटिश टेलिकॉमनं फोन भिंतीतून काढता येईल असा प्लग-सॉकेट आणला, तेव्हा घरातल्या वायरिंगमध्ये एक तिसरी तार धरली होती. ती फक्त घंटीसाठी. आमच्या भिंतीतली नारिंगी तार हीच.

यामागचा विचार त्या काळी बिनतोड होता. तेव्हा बहुतेक फोन तबकडीचे. तबकडी परत फिरताना लाइन सेकंदाला दहा वेळा तोडते-जोडते. हॉलमध्ये कुणी नंबर फिरवला की वरच्या खोलीतल्या फोनची घंटी किणकिणायची. शिवाय घंटीपुढे एक कपॅसिटर लागतो. लाइनवरचा सुमारे ५० व्होल्टचा डीसी प्रवाह त्यानं अडवायचा आणि घंटी वाजवणारा २५ हर्ट्झचा एसी तेवढा पुढे सोडायचा. प्रत्येक फोनमध्ये वेगळा कपॅसिटर घालण्याऐवजी मुख्य सॉकेटमध्येच १.८ मायक्रोफॅरडचा एक बसवला आणि त्याच्या पलीकडून सगळ्या घरभर तिसरी तार फिरवली. कपॅसिटरचा खर्च वाचला, किणकिणही थांबवता आली.

घोटाळा पुढे झाला, वारंवारता बदलल्यावर. कपॅसिटरचा अडथळा वारंवारतेच्या उलट प्रमाणात घटतो. घंटीच्या २५ हर्ट्झला हा कपॅसिटर साडेतीन हजार ओहमचा अडसर असतो. ब्रॉडबँडच्या पट्ट्यात, समजा ५०० किलोहर्ट्झला, त्याच कपॅसिटरचा अडथळा ओहमच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे घंटीच्या हिशेबानं ती तार कपॅसिटरपलीकडे आहे, आणि ब्रॉडबँडच्या हिशेबानं ती दोनपैकी एका तारेला थेट सोल्डर केल्यासारखीच आहे.

असेना का, एका तारेला थोडी शेपटी लागली तर काय बिघडलं? बिघडतं, कारण फोनच्या तारांची सगळी मदार समतोलावर असते. दोन तारांना पीळ देण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्ये पेटंट केली. पिळामुळे बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच शिरतो, आणि राउटरमधला मोडेम फक्त दोन तारांमधला फरक वाचतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही, तसं. आता एकाच पारड्याला वीस मीटरची दोरी लोंबकळत सोडा. वाऱ्याची प्रत्येक झुळूक काट्यावर दिसणार. आमची नारिंगी तार म्हणजे ही दोरी होती, आणि ती पाच खोल्यांतून फिरलेली. थोडक्यात, बऱ्यापैकी अँटेना.

अँटेना कशाची, तर रेडिओची. साध्या एडीएसएलचा पट्टा सुमारे २६ किलोहर्ट्झपासून ११०४ किलोहर्ट्झपर्यंत जातो, आणि मीडियम वेव्ह रेडिओचा बराचसा भाग यातच वस्तीला आहे. इंग्लंडमध्ये बीबीसीचं रेडिओ फाइव्ह लाइव्ह ६९३ आणि ९०९ किलोहर्ट्झवर, आपलं आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ वर. मोडेम हा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या अरुंद गल्ल्यांमध्ये वाटून घेतो आणि जुळताना एकेक गल्ली तपासतो. शांत गल्लीत एका वेळी १५ बिटांपर्यंत माल भरतो, गोंगाट असेल तिथे दोन-तीन, फारच झालं तर गल्लीच सोडून देतो. आमच्या राउटरच्या एका पानावर या गल्ल्यांचा आलेख होता. ९०९ च्या जागी तो दात पडल्यासारखा दिसत होता.

दिवेलागणीचं कोडंही इथेच सुटलं. पूर्वी रात्री मीडियम वेव्हवर परमुलखातली स्टेशनं लागायची, आठवतंय? दिवसा वातावरणाचा ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेली दूरदूरची स्टेशनं पोचू लागतात. दुपारी शांत असलेल्या गल्ल्यांत संध्याकाळी बाजार भरतो, आणि मोडेम बिचारा दुपारच्याच हिशेबानं माल भरत बसलेला. लाइन तुटणार नाही तर काय.

निदान करायला फारशी हत्यारं लागत नाहीत. इथल्या एका प्रकारच्या मुख्य सॉकेटचा खालचा अर्धा भाग दोन स्क्रू काढले की पुढे निघतो. घरातली सगळी एक्स्टेंशन्स, म्हणजे बाकीची सॉकेट्स, या निघणाऱ्या भागालाच जोडलेली असतात, त्यामुळे तो हातात आला की घरचं वायरिंग लाइनपासून सुटतं आणि आत चाचणीचं सॉकेट उघडं पडतं. त्यात फिल्टर, म्हणजे बोलणं आणि ब्रॉडबँड वेगळं करणारी डबी, लावून राउटर जोडायचा. वेग वाढला तर दोष घरात, नाही वाढला तर बाहेर. आमचा आकडा पाचच्या पुढे गेला आणि माझा राग कंपनीवरून भिंतीकडे वळला.

निघालेल्या भागाच्या मागे क्रमांक घातलेल्या खाचा असतात. २ आणि ५ वर निळी-पांढरी जोडी, म्हणजे खरी लाइन. ३ वर नारिंगी. ती हलकेच उपसली, टोक दुमडून बाजूला ठेवलं, संपलं काम. फोन वाजायचे थांबतील ही भीती इथे बहुतेक वेळा फोल ठरते, कारण ब्रॉडबँडबरोबर प्रत्येक फोनला जो फिल्टर लावतात त्यात सहसा घंटीसाठी स्वतःचा कपॅसिटर असतो. हे सगळं पुढचा भाग सुटा करूनच करावं. घंटीचे ७५ व्होल्ट ओल्या बोटांना चांगलाच झटका देतात. मागचा भाग कंपनीचा, त्याला हात लावायचा नाही.

जिन्याखालच्या सॉकेटमध्ये वेगळाच नमुना होता. या खाचांत वायर सोलून बसवायची नसते. खास हत्यारानं दाबली की खाचेची पाती प्लॅस्टिक कापून तांब्याला चावतात. कुणीतरी तिथे स्क्रूड्रायव्हर चालवला होता. पाती फाकलेली, तांबं हिरवं पडलेलं. अशा अर्धवट चिकटलेल्या सांध्याचं लक्षण विचित्र असतं. फोन उचलला की प्रवाह वाहतो आणि सांधा तेवढ्यापुरता सुधारतो, ठेवला की पुन्हा बिघडतो. आमच्या फोनवर अधूनमधून खरखर यायची तीही या सांध्यामुळेच.

दोष नेहमी तारेतच असतो असंही नाही. वेल्समधल्या अबरहोसन गावाचं ब्रॉडबँड रोज सकाळी सातला कोसळायचं, दीड वर्ष. केबल बदलून झाली. शेवटी इंजिनियर रेडिओ गोंगाट टिपणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर घेऊन पावसात गावभर हिंडले, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. तो सातला लावला जायचा आणि रेडिओ लहरींचा धुरळा उडवायचा. २०२० साली ही बातमी जगभर झाली.

आमचा आकडा ५.२ वर थांबला. ९०९ चा दात आता बराच भरलाय, पण संध्याकाळी तिथे अजून एक खळगा पडतो. खांबापासून छपरापर्यंत उघड्यावरून येणारी तार आहेच, आणि तिला काही फिल्टर लावता येत नाही.