लाल अंबाडी

भेंडीच्या माल्वेसी कुलातील झुडूप. शास्त्रीय नाव हिबिस्कस सब्डॅरिफा (लिनीअस, 1753). पाने आंबट, फुले फिकट पिवळी व मध्यभागी गडद तांबडी, जेमतेम दिवसभर टिकणारी. खाण्यासाठी खरे महत्त्व पाकळ्यांना नाही. फूल गळल्यावर बोंडाभोवती मांसल होत जाणाऱ्या लालभडक संवर्ताला (पाकळ्यांखालच्या बाहेरच्या आवरणाला) ते आहे.

मराठीत ‘अंबाडी’ म्हटले की दोन वनस्पतींची गल्लत होते. वाखासाठी (खोडाच्या सालीतील धाग्यासाठी) लावतात ती मुख्यतः हिबिस्कस कॅनाबिनस. तिचीही पाने भाजीत चालतात, पण तिचा संवर्त मांसल होत नाही. तिची गुणसूत्रे 36, तर लाल अंबाडीची 72. लाल अंबाडीतील गुणसूत्रांचा एक संच हि. कॅनाबिनसशी जुळतो, असे संकरणाच्या प्रयोगांवरून मानतात. लाल अंबाडीतही वाखाचा उंच, फारशा फांद्या न फुटणारा प्रकार (अल्टिसिमा) वेगळा आहे.

मूलस्थानाविषयी एकमत नाही. जुन्या ग्रंथांत भारत ते मलेशिया हा पट्टा दिलेला आढळतो. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञ लोबेल याने 1576 मध्ये तिचे वर्णन केले; जावात पाने खाल्ली जात असल्याची नोंद 1687 ची आहे. मात्र लिखित नोंद म्हणजे उगम नव्हे. जवळचे रानटी नातेवाईक आफ्रिकेत सापडतात, म्हणून आफ्रिकी उगमाचे मत अधिक सयुक्तिक वाटते. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर बी अमेरिका खंडात पोचले असावे.

पीक दिवसाच्या लांबीला फार संवेदनशील आहे. दिवस सुमारे बारा तासांवर आल्याखेरीज कळ्या धरत नाहीत. त्यामुळे उशिरा पेरले तर झाड ठेंगणे असतानाच फुलते आणि उत्पन्न घटते. पावसाळ्याच्या तोंडाशी पेरणे म्हणूनच हिताचे. पानांसाठी दाट पेरावे, संवर्तांसाठी मात्र झाडाला पसरायला जागा द्यावी. फुलानंतर दोन-तीन आठवड्यांत, बोंड कडक होण्याआधी संवर्त खुडतात. सकाळी ते हाताने सहज तुटतात, उशीर झाल्यास कात्री लागते.

संवर्ताचा लाल रंग डेल्फिनिडिन व सायनिडिन गटांतील अँथोसायनिन रंगद्रव्यांचा; आंबटपणा हिबिस्कस, सायट्रिक व मॅलिक आम्लांचा. वाळलेल्या संवर्तांचे पेय इजिप्त-सुदानात ‘करकदे’, सेनेगलमध्ये ‘बिसाप’, मेक्सिकोत ‘हमायका’. पेक्टिन (घट्टपणा आणणारा घटक) असल्याने जॅमही उत्तम जमतो. कण्या घालून केलेली पानांची भाजी सर्वपरिचित आहे. पाने आधी उकडून पाणी पिळून टाकण्याची रीत शास्त्रालाही धरून आहे, कारण त्यामुळे पाण्यात विरघळणारे ऑक्झॅलेट (मूतखड्याला हातभार लावू शकणारे क्षार) कमी होते. सुदानात बिया आंबवून ‘फुरुंदू’ करतात.