ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ‘कमजोर’ वाटतंय? आधी बाटलीवरचा रेणुभार वाचा

शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि आश्रमशाळांच्या प्रयोगशाळांसाठी माहितीपत्रक

दिवाळीच्या सुट्ट्या संपून बारावीच्या प्रात्यक्षिकांना जोर आला की आमच्या दुकानात वेगवेगळ्या गावांहून एकच फोन येतो: “तुमचं ऑक्झॅलिक कमजोर आहे. परमँगनेटचं रीडिंग वीस यायला पाहिजे, चौदाच येऊन राहिलं.” बाटली बदलून दिली तरी रीडिंग चौदाच येतं. त्यात तुमचा आठवडा जातो आणि आमची एक खेप.

म्हणून अशा फोनवर आम्ही आधी नेमकं रीडिंग, म्हणजे किती मिली परमँगनेट लागलं ते, विचारतो. १४.३ मिलीच्या आसपास सांगितलं की कारण कळतं: वजन करताना ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा रेणुभार ९० धरला गेला, बाटलीत मात्र १२६ चा माल होता.

हिशोब असा. ०.१ मोलार (लिटरला ०.१ मोल; एक मोल म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम) द्रावण, २५० मिली करायचं आहे. लागणारे ग्रॅम म्हणजे मोलारिटी गुणिले रेणुभार गुणिले लिटर. पुस्तकातलं साधं सूत्र धरलं तर ०.१ × ९०.०३ × ०.२५ = २.२५ ग्रॅम. पण आम्ही पाठवतो ते स्फटिकरूप ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, म्हणून त्याचा रेणुभार ९०.०३ अधिक ३६.०३, म्हणजे १२६.०७ (शेवटचा अंक दशांश कापल्यामुळे सरकतो). तेव्हा वजन हवं ०.१ × १२६.०७ × ०.२५ = ३.१५ ग्रॅम. २.२५ ग्रॅमच टाकलं तर द्रावण ०.१ होत नाही, ०.०७१४ मोलार होतं. त्यातले १० मिली पिपेटने घेऊन ०.०२ मोलार परमँगनेटशी अनुमापन केलं (ते थेंबथेंब टाकत किती लागलं ते मोजलं) की २० ऐवजी १४.३ मिलीला गुलाबी रंग टिकतो. काच, काटा, विद्यार्थी सगळं बरोबर. आकडा तेवढा चुकलेला.

“म्हणजे तुम्ही आम्हाला पाणी विकता का?” असंही विचारलं जातं. शंभर ग्रॅम स्फटिकांत साडेअठ्ठावीस ग्रॅम पाणी असतं हे खरं आहे. जिनिंगवर कापूस नेला की ओलावा धरून हिशोब होतो, तसाच हा हिशोब. फरक एवढाच की कापसाचा ओलावा रोज बदलतो, स्फटिकजलाचं प्रमाण ठरलेलं असतं. त्यामुळेच तर त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. पाण्याविना असलेलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाटली दोन-चारदा उघडली की त्यात किती पाणी शिरलं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग कुठलाच रेणुभार खरा राहत नाही. स्फटिकरूप माल वर्षभर तसाच राहतो, स्वस्त पडतो आणि प्रमाण द्रावणासाठी तोच वापरायची पद्धत आहे. मुद्दाम मागितल्याशिवाय आम्ही दुसरा पाठवत नाही.

याच कारणाने ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ओव्हनमध्ये किंवा मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर वाळत घालू नका. सोडियम कार्बोनेट तापवून घेतात म्हणून हेही तापवायचं, असा समज बऱ्याच प्रयोगशाळांत आहे. तापवलं की स्फटिकजल निघू लागतं, आणि अर्धवट निघालेल्या मालाला ९० ही लागू नाही, १२६ ही नाही.

चुकीच्या वजनाचं द्रावण झालंच असेल तर ते मोरीत ओतू नका. द्रावण खराब नाही, बाटलीवरची चिठ्ठी चुकीची आहे. चिठ्ठीवर ०.०७१४ मोलार लिहा आणि सरावाला खुशाल वापरा, उत्तर बरोबर येईल. वरून ०.९ ग्रॅम टाकून ते ‘दुरुस्त’ करू नका. तोवर काही द्रावण पिपेटने काढलेलं असतं, फ्लास्क खुणेपर्यंत भरलेला नसतो, आणि हिशोब आणखी बिघडतो. परीक्षेसाठी नवीनच करा.

रीडिंग नेमकं निम्मं, म्हणजे १० मिली आलं, तर गोष्ट वेगळी. जुन्या रजिस्टरात नॉर्मॅलिटीचे (तीव्रता सांगायच्या जुन्या पद्धतीचे) आकडे असतात आणि नवीन पत्रिकेत मोलारिटीचे. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलार, लिटरला ६.३० ग्रॅम. परमँगनेटचं ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०२ मोलार, लिटरला ३.१६ ग्रॅम. एक द्रावण जुन्या रजिस्टरातून आणि दुसरं नवीन पत्रिकेतून केलं की असा घोळ होतो. मागणीपत्रात ‘०.१ चं द्रावण’ एवढंच लिहून पाठवलं तर आम्ही फोन करून विचारतो. कृपया त्याचा राग मानू नका.

हाच प्रश्न आणखी काही मालात येतो. बाटलीवर ‘एम. डब्ल्यू.’ (म्हणजे रेणुभार) पुढे छापलेला आकडा खालच्यांपैकी कोणता आहे ते बघा, आणि वजनाच्या हिशोबात तोच घ्या:

मोहर्स सॉल्ट, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट: ३९२.१४. पाण्याचे सहा रेणू धरून. ०.१ मोलार, २५० मिलीला ९.८० ग्रॅम.

मोरचूद: निळा असेल तर २४९.६९, पांढरी भुकटी असेल तर १५९.६१. रंगावरूनच ओळखू येतो.

हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट: स्फटिक २४८.१८, निर्जल १५८.११.

सोडियम कार्बोनेट: निर्जल १०५.९९, धुण्याच्या सोड्याचे स्फटिक २८६.१४.

शेवटच्या ओळीत चूक उलट्या बाजूने होते. आम्ही निर्जल भुकटी पाठवतो. कारण सोड्याचे मोठे स्फटिक कोरड्या हवेत ठेवले की पाणी सोडतात, वर पांढरी पूड धरते आणि वजनाचा काही नेम राहत नाही. पण कोणीतरी पुस्तकातला २८६ धरून ०.०५ मोलार, २५० मिलीसाठी १.३२ ऐवजी ३.५८ ग्रॅम टाकतं. मग १० मिलीला ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड १० मिली लागायचं ते २७ मिली लागतं. ‘अ‍ॅसिडमध्ये पाणी मिसळलंय’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते.

आता ज्या तक्रारींत माल किंवा हाताळणी खरोखर आड येते, त्या.

पोटॅशियम परमँगनेट कितीही काटेकोर तोललं तरी त्याचं प्रमाण द्रावण एका तोलात होत नाही. त्यात मँगनीज डायऑक्साइडचा अंश असतो, शिवाय पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी ते हळूहळू लागतं, म्हणजे अभिक्रिया होऊन खर्च होतं. आदल्या दिवशी करून ठेवा, दुसऱ्या दिवशी काचेच्या लोकरीतून गाळा (गाळणकागद नको, कागदाशीही ते लागतं) आणि तपकिरी बाटलीत भरून ऑक्झॅलिकशी ताडून मगच चिठ्ठी लावा. अनुमापनात तपकिरी गाळ आला तर सल्फ्युरिक अ‍ॅसिड कमी पडलं किंवा द्रावण थंड होतं. ऑक्झॅलिकचं द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. पहिले काही थेंब रंग सोडायला वेळ घेतात, तिथे घाई नको. मोहर्स सॉल्ट मात्र तापवायचं नाही, गरम केलं की हवेनेच त्यातलं फेरस फेरिक होत जातं. ते विरघळवताना आधी पाण्यात थोडं सौम्य सल्फ्युरिक घाला, नाहीतर द्रावण गढूळ होतं. आणि सल्फ्युरिक संपलं म्हणून हायड्रोक्लोरिक वापरलं तर परमँगनेट क्लोराइडशीही लागतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिकने उलट, कमी येतं.

काट्याबद्दल. बऱ्याच शाळांत ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. त्यावर ३.१५ ग्रॅम तोलणं म्हणजे तीन टक्क्यांची चूक गृहीत धरणं, वीसच्या रीडिंगमध्ये अर्ध्या मिलीहून जास्त. असा काटा असेल तर २५० मिलीऐवजी एकदम एक लिटर करा, १२.६ ग्रॅम तोला, चूक एक टक्क्याच्या आत येते. पंखा बंद ठेवा. २५० मिली पाणी मोजून त्यात पूड टाकायची नाही. आधी बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवा, फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोन-तीनदा धुऊन तेही पाणी ओता, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर खुणेपर्यंत भरा.

पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण आरओचं चालतं असा समज आहे. टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिली घ्या, नायट्रिक अ‍ॅसिडचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळ झालं तर क्लोराइड आहे आणि क्षारपरीक्षेत (दिलेला क्षार ओळखायच्या प्रयोगात) प्रत्येक विद्यार्थ्याला क्लोराइड ‘सापडणार’. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणीही याच चाचणीने तपासूनच घ्या.

तीव्र अ‍ॅसिडच्या बाटलीवर रेणुभारापेक्षा टक्केवारी आणि घनता महत्त्वाची. ३५ टक्के, १.१८ घनतेचं हायड्रोक्लोरिक म्हणजे साधारण ११.३ मोलार, एक लिटर १ मोलारला ८८ मिली लागतं. ३७ टक्क्यांचं आलं तर ८३ मिली. म्हणून मागच्या वर्षीचा आकडा वहीतून उतरवू नका. ९८ टक्के सल्फ्युरिक १८.४ मोलार असतं, १ मोलारला ५४ मिली, आणि ते पाण्यात हळूहळू ओतायचं. पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. लायकर अमोनियाची (अमोनियाच्या तीव्र द्रावणाची) बाटली एप्रिल-मेमध्ये उघडण्याआधी अर्धा तास गार पाण्यात ठेवा आणि तोंड आपल्यापासून लांब करून उघडा. विदर्भातल्या उन्हाळ्यात आत दाब साठलेला असतो. म्हणूनच त्या महिन्यांत आम्ही अमोनिया दुपारच्या गाडीने पाठवत नाही.

ज्यांच्याकडे चांगला काटा नाही त्यांच्यासाठी आम्ही तोललेल्या पुड्या करतो: ऑक्झॅलिक ३.१५२ ग्रॅम, मोहर्स सॉल्ट ९.८०४ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट १.३२५ ग्रॅम, प्रत्येकी २५० मिलीसाठी, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. पुडीवर रेणुभार आणि होणारी मोलारिटी लिहिलेली असते. पुडी पूर्ण रिकामी करा आणि आतला कागद पाण्याने धुऊन तेही फ्लास्कमध्ये घ्या. ५०० ग्रॅमच्या बाटलीपेक्षा ग्रॅममागे पुडी महाग पडते हे आम्हालाही मान्य आहे. पण परीक्षेच्या एका बॅचला दोन-तीन पुड्या पुरतात, आणि एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) समोर उभे असताना वजनाची चिंता राहत नाही.

सील फोडलेली बाटली आम्ही परत घेत नाही. उघड्या बाटलीत नंतर काय पडलं हे तपासायचा मार्ग नाही आणि ती दुसऱ्या शाळेला विकणं बरोबर नाही. तक्रार असेल तर बाटलीवरच्या लेबलचा आणि बॅच नंबरचा फोटो, तोललेलं वजन, फ्लास्कचं माप आणि आलेलं रीडिंग एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. हिशोब आम्ही करून देतो, त्याचे पैसे नाहीत. माल सदोष निघाला तर बदली बाटली आमच्या खर्चाने.

तीव्र अ‍ॅसिडसाठी प्राचार्यांच्या सहीचं लेटरहेडवरचं मागणीपत्र आणि माल नेणाऱ्याचं ओळखपत्र लागतंच. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून विक्रीची नोंद ठेवावी लागते, ओळखीच्या सरांनाही सूट देता येत नाही. मागणीपत्रात मालाच्या नावापुढे निर्जल की स्फटिक, मोलार की नॉर्मल आणि किती मिली करायचं हे लिहा. फेब्रुवारीच्या प्रात्यक्षिकांची मागणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आली तर पुड्या तयार ठेवता येतात. त्यानंतर आली तर बाटल्या मिळतील, पुड्यांचं सांगता येत नाही.