वाडवडिलांचे नाव बाळाला ठेवण्याची प्रथा

घराण्यातील आजोबा, पणजोबा, आजी किंवा अकाली गेलेले काका-आत्या यांचे नाव नव्या बाळाला ठेवण्याची महाराष्ट्रातील जुनी प्रथा. बोलण्यात याला ‘नाव चालवणे’ म्हणतात. पूर्वी नाव जसेच्या तसे येई. आता बरेचदा त्यातले आद्याक्षर, अर्थ किंवा लिहिण्याची विशिष्ट पद्धत एवढेच पुढच्या पिढीकडे येते.

प्रथेला जुना शास्त्राधार आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरील भाष्यात, पस्पशाह्निक या पहिल्या प्रकरणात याज्ञिकांचे, म्हणजे यज्ञकर्म जाणणाऱ्यांचे, वचन दिले आहे. त्यानुसार मुलाचे नाव दहाव्या दिवसानंतर ठेवावे, ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे, ‘त्रिपुरुषानूक’ म्हणजे बापाच्या वरच्या तीन पुरुषांना अनुसरणारे असावे आणि शत्रूकडे रूढ नसावे. भाऊबंदकी असलेल्या घरांत ही शेवटची अट आजही कोणी न सांगता पाळली जाते.

राजघराण्यांच्या वंशावळींत ही प्रथा स्पष्ट दिसते. विदर्भातील वाकाटकांत दुसरा रुद्रसेन हा पहिल्या रुद्रसेनाचा नातू. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले. 1657 मध्ये जन्मलेल्या महाराजांच्या पुत्राचे नावही संभाजी. संभाजी महाराजांच्या मुलाचे मूळ नाव शिवाजी, पण इतिहासात तो शाहू म्हणूनच राहिला. राजाराम महाराजांनाही शिवाजी आणि संभाजी याच नावांचे मुलगे होते. पेशव्यांत बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, तर पहिल्या बाजीरावाचा नातू दुसरा बाजीराव. नारायणरावाचा 1773 मध्ये खून झाल्यावर पुढच्या वर्षी पुरंदरावर जन्मलेल्या त्याच्या मुलाला दिवंगत चुलत्याचे, माधवरावांचे, नाव मिळाले. दोघांत फरक राहावा म्हणून मागाहून ‘सवाई’ जोडले गेले.

सामान्य घरांत बापाचे नाव मधल्या जागी लागत असल्याने या प्रथेतून एक साखळी तयार होई: गणेश वासुदेव, त्याचा मुलगा वासुदेव गणेश, नातू पुन्हा गणेश वासुदेव. जमिनीच्या जुन्या कागदांत यातला नेमका कोणता गणेश वासुदेव, हा तलाठ्यापुढचा खरा प्रश्न असतो.

या प्रथेत एक गंमतीदार अडचण होती. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, असा दंडक. मग सासऱ्याचेच नाव लागलेल्या पोटच्या पोराला हाक कशी मारायची? म्हणून बाळ, नाना, अण्णा, बापू ही हाकेची नावे पुढे येत आणि पुष्कळदा तीच टिकत. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, पणजोबांचे नावही केशवराव; पण जगाने ओळखले ते ‘बाळ’ या घरगुती नावाने.

आजीचे नाव नातीला ठेवताना वेगळाच पेच पडतो. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल असल्याने जुन्या पिढीतल्या अनेक बायकांना दोन नावे असत. सासरच्यांना आजी म्हणजे ‘लक्ष्मी’, तर माहेरच्यांना ‘यमुना’. नातीला सासरचे नाव मिळणे सोपे, कारण घरात तेच माहीत असते. माहेरचे नाव कळण्यासाठी आजीच्या भावंडांपर्यंत जावे लागते. आजीची खरी आठवण ठेवायची, तर हा खटाटोप करण्याजोगा आहे.

नावाच्या लेखनाचा प्रश्न देवनागरीतही येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांनुसार व्यक्तिनामातले शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहितात. त्याआधी शिकलेले आजोबा ‘हरि’ किंवा ‘विष्णु’ अशी सही करत. नातवाचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘हरी’, ‘विष्णू’ असे येते. आजोबांचा ऱ्हस्व जपायचा असेल, तर पालकांना तो कारकुनापाशी आग्रहाने सांगावा लागतो, आणि मुलाला पुढे जन्मभर.

रोमन लिपीत हे प्रश्न वाढतात. वामन ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, विठ्ठलात ‘टी’ एक की दोन, लक्ष्मणात ‘एक्स’ की ‘केएसएच’, यांची उत्तरे घराघरांत वेगळी. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस ‘डीएनवाय’ने लिहितो, कारण त्याच्या तोंडी ‘द्न्य’ आहे. हिंदी पट्ट्यात तेच ‘जीवाय’ने लिहिले जाते. परदेशात वाढणाऱ्या मुलासाठी ‘डीएनवाय’ अवघड पडते, हे उघड आहे. तरी काही पालक आजोबांच्या पेन्शनच्या कागदावरचे स्पेलिंग तसेच ठेवतात. काही जण ते मधल्या नावात ठेवून पहिले नाव सुटसुटीत निवडतात. अंकशास्त्राच्या नादाने जादा ‘ए’ किंवा ‘एच’ घातला, की मात्र हे साम्य पुसले जाते.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा स्पेलिंगचा प्रश्न नसतो. तो जन्मनोंदणीच्या वेळी उभा राहतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नावाशिवायही जन्म नोंदवता येतो आणि नाव मागाहून भरता येते: 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे घरात एकमत होईपर्यंत थांबणे शक्य असते. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा ठरल्याने त्यावरचे प्रत्येक अक्षर महत्त्वाचे झाले आहे. मोठेपणी नाव बदलायचे तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम सक्तीचा आहे. गणेश वासुदेवांची नुसती बापलेकांची साखळी त्यामुळे कागदावर पूर्वीसारखी उरलेली नाही.