रिकाम्या पुंगळीत काय असतं?

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा एका मित्राने विचारलं, "अमेरिकेतले हौशी नेमबाज म्हणे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत नवी दारू आणि गोळी घालून काडतुसं घरी भरतात. हाही भरत असेल का रे?"

छे, भरताच येत नाहीत. त्याच्या पॉइंट बावीस रायफलीच्या काडतुसात ठिणगी पाडणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत असतं. कड चेचली, की पुंगळी भंगारात. मोठ्या रायफलींच्या काडतुसात मात्र हे मिश्रण असलेली छोटी टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते आणि ती बदलता येते. अमेरिकेतला तो सगळा छंद या टोपीवर उभा आहे. (आपल्याकडे काडतूस बनवायलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा माळ्यावर कारखाना काढू नका.)

पैसे वाचतात, असं हे लोक बायकोला सांगत असावेत. खरी ओढ असते सारखेपणाची. सुमारे ९०० मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत जाताना गोळी कित्येक मीटर खाली येते. वेगात १ टक्का फरक पडला, तरी ती वीतभर वरखाली लागते. म्हणून प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच हवं. यातही भाबडेपणा आहेच. तीन गोळ्या जवळजवळ लागल्या, की 'दारूचं अचूक माप सापडलं!' म्हणून नाचणारे बरेच. तीन दिवसांच्या पावसावरून वर्षाचं भाकीत करण्यातलाच तो प्रकार.

मला मात्र भुरळ पडते ती पुंगळीची. साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. बार उडाला, की तिची पातळ भिंत फुगून रायफलीच्या नळीत काडतूस बसतं त्या कोठीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे फुटत नाही. दाब ओसरताच ती केसभर आकसते, म्हणून तर बाहेर निघते. पण पूर्ववत कधीच होत नाही. धातूच्या स्फटिकांतल्या अणूंच्या रांगा घसरतात, त्यांतले दोष एकमेकांत गुंततात आणि पुढची घसरण अडते. पितळ कडक होतं. पुन्हा भरताना साच्यात दाबलं, की आणखी कडक. काही फेऱ्यांनी पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं तिचं तोंड, तडकते. यावर उपाय म्हणजे मान तापवायची. अणू पुन्हा मांडणी करतात आणि धातू मऊ पडतो. पुण्याच्या तांबट आळीतही ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत घालून नरम करतात, तेच हे.

न झाडलेल्या काडतुसांनाही भेगा पडत. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असत, आणि ती आपोआप तडकत. कारण १९२१ मध्ये उलगडलं. पुंगळी घडवताना ओढल्याने पितळात ताण साठून राहायचा आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या जागाच कुरतडायचा. आधी तापवून ताण घालवला, की भेगा थांबत. धातुशास्त्रात या रोगाला आजही 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा, असं सांगतात.