इनकॉब की आयएसएमबी? यजमानपद मागण्याआधी

“एक आंतरराष्ट्रीय बायोइन्फर्मॅटिक्स (म्हणजे जीवशास्त्रातली माहिती संगणकाने उलगडण्याचं शास्त्र) परिषद आपल्याकडे भरवू या,” असं विभागाच्या बैठकीत कुणी म्हणालं की आधी विचारावं, कुठली? कारण लोकांच्या मनात दोन परिषदांची गल्लत झालेली असते: आयएसएमबी आणि इनकॉब. ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन बायोइन्फर्मॅटिक्स’ हे नाव अक्षरशः इनकॉबचं आहे. आयएसएमबी म्हणजे ‘इंटेलिजंट सिस्टिम्स फॉर मॉलिक्युलर बायॉलॉजी’. तिच्या नावात बायोइन्फर्मॅटिक्स हा शब्द औषधालाही नाही. तरीही या विषयातली सगळ्यात मोठी परिषद म्हणून जग ओळखतं ते तिलाच.

नाव असं पडलं ते तिच्या जन्मामुळे. १९९३ साली अमेरिकेत बेथेस्डाला पहिली आयएसएमबी भरली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवाली मंडळी डीएनए आणि प्रथिनांमधल्या घटकांच्या क्रमाकडे नुकती वळत होती. परिषद आधी सुरू झाली आणि ती चालवायला संस्था हवी म्हणून आयएससीबी (इंटरनॅशनल सोसायटी फॉर कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी) ही सोसायटी १९९७ मध्ये निघाली. इनकॉबचं नेमकं उलट. आशिया-पॅसिफिकमधल्या संशोधकांचं एपीबायोनेट हे जाळं १९९८ चं, आणि आपल्या भागात हा विषय रुजावा म्हणून त्याने पहिली इनकॉब २००२ मध्ये बँकॉकला घेतली. माझ्या मते दोघींमधले बाकीचे फरक या उलटसुलट क्रमातूनच आले आहेत.

यजमानपदाचंच बघा. आयएसएमबी म्हणजे मोठ्या शहरातल्या कार्यालयात, ठेका देऊन लावलेलं लग्न. तारखा, नोंदणी, प्रायोजक, सभागृहाचा करार या सगळ्याची सूत्रं सोसायटीच्या हाती असतात. २००७ पासून विषम वर्षी ती ईसीसीबी या युरोपीय परिषदेबरोबर युरोपात भरते: व्हिएन्ना, स्टॉकहोम, बर्लिन, डब्लिन, प्राग, बाझल. सम वर्षी बहुतेक अमेरिका किंवा कॅनडा. त्याआधीचं २००३ चं ब्रिस्बेन आणि २००६ चं ब्राझीलमधलं फोर्टालेझा हे युरोप आणि उत्तर अमेरिकेबाहेरचे अपवाद. आशियात ती आजवर एकदाही आलेली नाही. दोन-दोन हजार माणसं, समांतर चालणारी अनेक सत्रं, शेकडो पोस्टर (आपलं संशोधन मांडणारे फलक) एवढा पसारा पेलणारं केंद्र ज्या शहरात आहे आणि जिथे विमानं थेट उतरतात, तिथेच तिला जाता येतं. यात स्थानिक विद्यापीठाला मान मिळतो, पण निर्णय फारसे त्याच्या हाती राहत नाहीत.

इनकॉब म्हणजे दारात मांडव घातलेलं लग्न. बँकॉकनंतर पेनांग, ऑकलंड, बुसान, आणि पाचव्या वर्षी, डिसेंबर २००६ मध्ये, दिल्ली. पुढे हाँगकाँग, तैपेई, सिंगापूर, टोकियो करत २०१८ मध्ये सतरावी इनकॉब पुन्हा दिल्लीत आली, या खेपेला जेएनयूमध्ये. छत्र एपीबायोनेटचं असतं, पण सभागृह, वसतिगृहातल्या खोल्या, जेवण, कार्यशाळेसाठी चालू अवस्थेतले संगणक आणि विमानतळावर फलक धरून उभे राहणारे पीएचडीचे विद्यार्थी हे सगळं यजमानाचं. थकवणारं काम आहे, पण त्यातून विभागाच्या हाती काहीतरी उरतं. ज्या प्राध्यापकाचे पेपर वाचले तो चहाच्या रांगेत शेजारी उभा असणं ही बाहेर शिकायला न जाऊ शकलेल्या विद्यार्थ्यासाठी लहान गोष्ट नाही.

शोधनिबंधांबाबत मात्र दोघींमध्ये वाटतो तेवढा फरक नाही. आयएसएमबीचे निवडक निबंध ‘बायोइन्फर्मॅटिक्स’ या नियतकालिकाच्या खास अंकात येतात. चाळणी कडक असते, साधारण पाचातला एक निबंध टिकतो. इनकॉबचे निबंधही २००६ पासून बीएमसी (बायोमेड सेंट्रल) या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांच्या पुरवण्यांमध्ये, परीक्षण होऊन छापले जाऊ लागले. म्हणजे ‘परिषदेतलाच तर पेपर’ म्हणून नाक मुरडणाऱ्या निवड समित्या दोन्हीकडे चुकतात.

इनकॉबचं नाव इतकं सर्वसाधारण आहे की त्याच्या आसपासची नावं लावून कुणीही दुकान थाटू शकतं, आणि विज्ञान परिषदांच्या बाजारात अशी दुकानं आहेतच. परिषदा भरवणाऱ्या आणि नियतकालिकं काढणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीला २०१९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. न आलेल्या, होकारही न दिलेल्या नामवंतांची नावं वक्ते म्हणून छापणं हाही त्या खटल्यातला एक आरोप होता. तेव्हा आमंत्रण आलं तर आधी बघावं की मागे कुठली संस्था आहे आणि आधीच्या वर्षांचे निबंध कुठे छापलेले सापडतात.

पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र १९८७ चं, म्हणजे या दोन्ही परिषदांहून वयाने मोठं. त्यामुळे पुण्यातल्या कुणाला इनकॉबचं स्वप्न पडलं तर त्यात आगाऊपणा नाही. फक्त पाहुण्यांचा व्हिसा वेळेत धरावा. परदेशी प्रतिनिधींना पर्यटक व्हिसावर बोलावता येत नाही, कॉन्फरन्स व्हिसा लागतो, आणि त्यासाठी परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाच्या मंजुऱ्या यजमानाला काढाव्या लागतात. हे कागद मागे राहिले तर पोस्टर बोर्डावर टाचलेलं असतं आणि त्यासमोर उभं राहायचा तो माणूस अजून वकिलातीच्या रांगेत असतो.