शाकारणी कोण करणार? गोव्यातल्या रिकाम्या मठांची पार्श्वभूमी

पणजीत एखादी जुनी सरकारी इमारत रिकामी झाली की तिचे पुढे काय, यावर काही दिवस चर्चा रंगते. कुणी म्हणते संग्रहालय करा, कुणी म्हणते भाड्याने द्या, कुणाला तिथे मांडवीकडे तोंड करून कॉफी प्यायची असते. वाद नवा वाटतो खरा, पण गोव्यात तो १८३५ पासून चालू आहे. तेव्हा प्रश्न एका-दोन इमारतींचा नव्हता. एका सरकारी हुकमाने जुन्या राजधानीतले पाद्र्यांचे मठ एकाच वर्षी ओस पडले होते.

मराठीत ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की टाय लावलेली मुले आणि इंग्रजी माध्यम डोळ्यांपुढे येते, म्हणून इथे ‘मठ’ हाच शब्द वापरतो. मधोमध चौक, चहूबाजूंनी ओवऱ्या, ओवऱ्यांना लागून लहान लहान खोल्या आणि एका अंगाला चर्च, अशी ही वास्तू. हा आराखडा लक्षात ठेवावा, कारण पुढे कोणता मठ कुणाच्या उपयोगी पडला हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरले.

हुकूम निघाला लिस्बनमध्ये. पोर्तुगालमधल्या यादवी युद्धात उदारमतवादी पक्ष जिंकला आणि मे १८३४ मध्ये मंत्री जोआकीं आंतोनियु द आगियार यांनी पुरुषांचे सगळे धार्मिक संघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. या कामामुळे त्यांना ‘माता-फ्रादिश’, म्हणजे पाद्रीमार, असे टोपणनाव पडले. गोव्यात अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, सगळ्यांना बाहेर पडावे लागले. जेजुइट त्यात नव्हते, कारण त्यांची हकालपट्टी आधीच, १७५९ मध्ये, होऊन चुकली होती.

वेळ यापेक्षा वाईट असू शकली नसती. जुने गोवे शहर तोवर जवळजवळ मेलेले होते. साथीच्या रोगांनी लोक पांगले होते, व्हाइसरॉयने १७५९ मध्येच मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला होता, आणि जुन्या शहरातले पाडकामाचे चिरे पणजीच्या बांधकामांसाठी जात होते. ज्या शहरात घरालाच भाडेकरू मिळत नाही तिथे शंभर खोल्यांच्या मठाला कोण मिळणार?

आणि गोव्यात घर रिकामे ठेवणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण सच्छिद्र असल्यामुळे वर चुन्याचा गिलावा नसेल तर पाणी पितो. छपरावर कौले. माकडाने, वाऱ्याने, पडलेल्या फांदीने दोन कौले सरकली की पाणी वाशांत मुरते, वासा कुजतो, भिंतीच्या माथ्यावर पाणी उतरते आणि पुढच्या वर्षी तिथे पिंपळ उगवतो. म्हणून दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे पावसाआधी छपराची कौले पुन्हा नीट बसवणे. ती करायला घरात कुणीतरी असावे लागते. नुसता मालक असून भागत नाही. १८३५ नंतर सगळ्या मठांना मालक होता, पोर्तुगीज सरकार. माणसे मोजक्याच मठांना मिळाली.

ऑगस्टिनियनांचा मठ त्यातला सर्वांत दिमाखदार. १५७२ मध्ये सुरुवात झालेली, १६०२ मध्ये चर्च पुरे झालेले. त्याला कुणी आले नाही. हुकमानंतर अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, चर्चचे कमानदार छत खाली आले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा कोसळला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो मूळच्या चार मनोऱ्यांपैकी एकाचा उरलेला तुकडा आहे, सुमारे ४६ मीटर उंच. ‘काळाच्या ओघात नष्ट झाले’ असे पाटीवाचनाच्या भाषेत म्हणतात. माझ्या मते ओघबिघ काही नव्हता. लागोपाठ सात पावसाळे कुणी शाकारणी केली नाही.

घंटेचे नशीब मात्र बरे निघाले. ऑगस्टिनियनांची मोठी घंटा तिथून आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहापाशी गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आली. तिचे वजन पेलावे म्हणून चर्चच्या माथ्यावरचा घंटेचा भाग नव्याने बांधावा लागला. पणजीतल्या त्या पांढऱ्या जिन्यांपुढे सेल्फी काढताना वर जी घंटा दिसते, ती हीच. वास्तूचे सुटे भाग वास्तूपेक्षा जास्त जगतात, हे आपल्याकडेही झालेले आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरची आणि वाईजवळच्या मेणवलीचीही. घंटा देवळात रुजल्या. वसईचे मठ किल्ल्यात वडापिंपळांच्या मुळांत उभे आहेत.

ऑगस्टिनियनांच्या ढिगाऱ्यातून पुढे एक नवल निघाले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणातल्या शिराझला मारली गेली आणि तिचे अवशेष पाद्र्यांनी याच मठात आणून ठेवले होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात हाडे मिळाली, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासून दुजोरा दिला, आणि २०२१ मध्ये ती जॉर्जियाला भेट म्हणून देण्यात आली. मठ पडला नसता तर कदाचित ती जागच्या जागी राहिली असती.

आता ज्यांना माणसे मिळाली ते. मॉन्ते सांतु टेकडीवर, त्याच पडक्या मनोऱ्यासमोर, सांता मोनिका उभा आहे. रस्त्यावरून जाताना भिंतीला टेकू देणारे भलेमोठे धीरे दिसतात, पावसाने काळवंडलेले. १६२७ मध्ये पुरा झालेला हा नन्सचा मठ. १८३४ च्या हुकमाने बायकांचे मठ लगेच बंद केले नाहीत. नव्या मुली घ्यायच्या नाहीत एवढेच बजावले. म्हणजे आत असलेल्या बायका एकेक करून जाईपर्यंत थांबायचे. सरकारी कारभारात इतकी शांत क्रूरता क्वचित सापडते. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. पण इमारतीच्या दृष्टीने पाहिले तर तिला आणखी पन्नास वर्षे माणसे मिळाली, पन्नास शाकारण्या. मग काही काळ लष्कर आले. १९६४ पासून तिथे नन्सना धर्मशास्त्र शिकवणारी मातेर देई संस्था आहे, आणि २००२ मध्ये राशोलहून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय इथे हलवले गेले. रस्त्याच्या या बाजूला नांदता मठ, त्या बाजूला नुसता पडका मनोरा.

शेजारचा सांव जुआंव द देऊश, १६८५ चा, रुग्णसेवा करणाऱ्या संघाचा मठ. तो रिकामा झाल्यावर सांता मोनिकाच्या नन्सनी विकत घेतला, आपल्या पाद्र्याला आणि वैद्याला राहायला. पुढे १९५३ च्या सुमारास डागडुजी झाली आणि आता तिथे वृद्धाश्रम आहे. मूळ काम आणि आताचे काम यांत फार अंतर नाही. लहान खोल्या, लांब ओवरी, मधे चौक: म्हाताऱ्या माणसांना सावलीतून चालायला याहून सोयीचा नकाशा आज वास्तुविशारदालाही सुचणार नाही.

फ्रान्सिस्कनांच्या मठात १९६४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आले. तिथल्या मांडणीत एक गंमत आहे. खाली कदंबकालीन शिल्पे, वीरगळ, सतीशिळा. वरच्या दालनात पोर्तुगीज गव्हर्नर-व्हाइसरॉयांची चित्रे ओळीने. ज्यांनी मठ बांधू दिले आणि ज्यांनी ते रिकामे केले, दोघेही एकाच भिंतीवर.

पिलारचा मठही फ्रान्सिस्कनांचाच, १६१३ चा, कदंबांच्या जुन्या गोपकपट्टणाच्या टेकडीवर. १८३५ मध्ये ओस पडला, १८५८ मध्ये कार्मेलाइट पंथाच्या लोकांनी ताब्यात घेतला, आणि शतक संपता संपता गोमंतकीय धर्मगुरूंच्या मिशनरी संघाचे ते मुख्य ठाणे झाले. काबो भूशिराच्या टोकावरच्या मठाला तर सगळ्यांत मोठा भाडेकरू लाभला. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात तिथे इंग्रजी फौज होती, मठ बंद झाल्यावर आर्चबिशप राहिले, नंतर गव्हर्नर जनरल आले. तेच पुढे गोव्याचे राजभवन. फ्रान्सिस्कन भिक्षूंनी वारा आणि एकांत यांसाठी निवडलेली जागा सत्ताधाऱ्यांना तितकीच आवडली, यात आश्चर्य नाही.

मठांतल्या पुस्तकांचाही प्रश्न होताच. पणजीत १८३२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय निघाले होते. बंद झालेल्या मठांचे ग्रंथसंग्रह त्यात जमा झाले. तेच ग्रंथालय आज पाटोला नव्या इमारतीत आहे आणि त्याला नाव आहे कृष्णदास शामाचे, सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र रचणाऱ्या केळशीच्या कवीचे.

जेजुइटांच्या वास्तूंचा निकाल आधी लागला होता आणि त्यातून दोन्ही टोके दिसतात. सासष्टीतल्या राशोलच्या कॉलेजात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, मराठी ओव्या रोमन लिपीत. जेजुइट गेले तेव्हा तीनच वर्षांत, १७६२ मध्ये, तिथे धर्मप्रांताची सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. इकडे जुन्या गोव्यातले सेंट पॉल कॉलेज, जिथे १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला, ते पाडले गेले. रस्त्याच्या कडेला फक्त एक दरवाजा उभा आहे.

विसाव्या शतकात सरकारी इमारतींची पाळी आली. आदिलशहाचा वाडा १९१८ पर्यंत गव्हर्नरांचे निवासस्थान, मग सचिवालय, मुक्तीनंतर विधानसभा. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली आणि हळूहळू तिथे राज्य संग्रहालयाचा संसार येऊन पडला. रेइश मागुशचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. नीट डागडुजी होऊन २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला. मांडवीकाठचे जुने वैद्यकीय महाविद्यालय १९९३ च्या सुमारास बांबोळीला हलले. त्याची मूळ संस्था १८४२ ची, आशियातल्या सर्वांत जुन्या आधुनिक वैद्यक शाळांपैकी एक. दहा-अकरा वर्षे इमारत तशीच होती. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात येणार ठरले तेव्हा शेजारी मल्टिप्लेक्स उभे राहिले आणि जुन्या वास्तूला रंग लागला. मधे तिथे मॉल करण्याचा घाट घातला गेला, पणजीकरांनी विरोध केला, तो बारगळला. २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सव तिच्या दालनांत भरतो.

मी स्वतः तो महोत्सव आवडीने पाहतो. उंच छत, लाकडी जिना, एके काळच्या रुग्णकक्षात टांगलेले कापडाचे शिल्प, खिडकीतून मांडवी. पण ओवऱ्यांच्या कोपऱ्यांत वर पाहिले की ओलीचे पिवळे नकाशे दिसतात. चित्रपट महोत्सव नोव्हेंबरात असतो, कलेचा डिसेंबरात. ऑगस्टमध्ये त्या दालनांत कोण असते?