कोळ्याच्या अंडपिशवीतून माशी निघते तेव्हा

ऑक्टोबरमध्ये दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाची फळछाटणी सुरू झाली की छाटलेल्या काड्यांबरोबर कोळ्यांच्या अंडपिशव्याही बांधावर जाऊन पडतात. पिशवीवरचं रेशीम कागदासारखं चिवट असतं आणि आत अंड्यांचा गुच्छ असतो. बागायतदार ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतात तो हा नव्हे. तो पानातला रस शोषणारा माइट. इथे विषय आहे किडे पकडून खाणाऱ्या खऱ्या कोळ्यांचा. त्यांची पिशवी बाटलीत सांभाळून ठेवली, तर कधी पिल्लांऐवजी तिच्यातून दोन-तीन मिलिमीटरच्या माशा बाहेर येतात.

कोळ्याची अंडी खाणाऱ्या अळ्या माशांच्या एकाच कुळात नाहीत. गुरांच्या आणि माणसांच्या डोळ्यांभोवती घोंगावणारी चिलटं ज्या क्लोरोपिडी कुळातली, त्याच कुळात स्यूडोगॉरॅक्स ही प्रजाती येते. तिच्या अळ्या अमेरिकेत विषारी ब्लॅक विडो कोळ्याचीही अंडी फस्त करतात. मांसमाशांमध्ये असे काही प्रकार आहेत, कुबड्या पाठीच्या फोरिड माशांमध्येही आहेत. हवाई बेटांवर तर पिकलेल्या फळांभोवती घोंगावणाऱ्या ड्रोसोफिला माशीच्या गोतावळ्यातल्या टायटानोकीटा गटाने हाच धंदा धरला आहे.

स्यूडोगॉरॅक्स माशीला गांधीलमाशीच्या गोतावळ्यातल्या परजीवींसारखी टोचणारी नळी नसते, त्यामुळे रेशमाला भोक पाडून आत अंडी घालणं तिला जमत नाही. स्यूडोगॉरॅक्स पिशवीच्या बाहेरच, धाग्यांवर अंडी घालते. नुकती फुटलेली अळी इतकी बारीक असते की ती धाग्यांच्या फटीतून अंग चोळत आत शिरते. तिला डोकं असं दिसत नाही. टोकाशी दोन काळे आकडे असतात, तेच तिचं तोंड. आकड्याने ती अंड्याचं कवच फाडते, आतला रस पिते, सुरकुतलेली साल टाकते आणि पुढच्या अंड्याकडे वळते. बेयस नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी कोळ्याच्या एका अंड्यात एकच अळी वाढवते. माशीच्या अळीला मात्र वाढायला अनेक अंडी लागतात. म्हणूनच ती परजीवीपेक्षा शिकारी जास्त. अळ्या थोड्या असतील तर काही पिल्लं वाचतात, जास्त असतील तर पिशवी रिकामी होते.

पूर्ण वाढलेली अळी आपलीच कातडी कडक करून तपकिरी, पिंपाच्या आकाराचा कोष बनवते. आतली माशी कपाळातून एक फुगा फुगवून कोषाची टोपी ढकलते. हा फुगा पुढे कायमचा आत ओढला जातो. कुरतडायला जबडे नसलेल्या प्राण्याने काढलेली ही वाट भिंगाखाली पाहण्यासारखी असते.

हे घरी पाहायचं असेल तर पिशवी काडीसकट कापा, रेशीम ओढू नका. आई पिशवीवर बसलेली असेल तर ती पिशवी सोडून द्या. हिरवा लिंक्स कोळी पिशवीची राखण करतो आणि पाठीमागे पिशवी बांधून पळणारा लांडगा कोळी तर ती सोडतच नाही. काचेच्या बाटलीत एकच पिशवी ठेवा आणि तोंडाला दुहेरी मलमल रबराने घट्ट बांधा. बाटलीवर तारीख, जागा आणि झाड लिहा. हवा कोरडी असेल तर दोन-तीन दिवसांनी मलमलीवर पाण्याचे चार थेंब टाका. पिशवी भिजवू नका. सगळ्यात जास्त पिशव्या बुरशीने वाया जातात, आणि बुरशी येते ती झाकण लावून उन्हात ठेवलेल्या बाटलीत साचलेल्या घामामुळे. पिल्लं निघाली तर त्याच दिवशी झुडपात सोडा, नाहीतर ती एकमेकांना खातात.

खरी फसगत पुढेच आहे. पिशवीतून माशी निघाली म्हणजे तिने जिवंत अंडी खाल्ली असं होत नाही. मेगासेलिया स्केलॅरिस ही फोरिड माशी जवळजवळ कुठल्याही कुजक्या पदार्थावर वाढते आणि बारीक फटीतूनही आत शिरते. स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांशेजारी बाटली ठेवली आणि आतली अंडी आधीच सडलेली असली, तर ही माशी तुमच्या बाटलीतच येऊन अंडी घालेल. म्हणून शेजारी पिशवी नसलेली एक बाटली ठेवा, तशीच मलमल बांधून, आत कुजक्या फळाची फोड टाकून. तिच्यातही अळ्या झाल्या तर तुमची मलमल बहुधा भरवशाची नाही आणि त्या खेपेच्या नोंदी बाद धराव्या लागतील. शेतातून आणल्या दिवशीच दोन-तीन पिशव्या उघडून पाहणं याहून चांगलं. टवटवीत अंड्यांमध्ये अळी आणि शेजारी चोखलेल्या साली दिसल्या तर पुरावा बळकट. सगळा लगदा होऊन वास येत असेल तर शंका धरा.

बाहेर आलेली माशी लगेच मारू नका. पंख ताठ व्हायला आणि रंग पक्का व्हायला एक दिवस जाऊ द्या, मग ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. रिकामे कोष आणि फाटकी पिशवी वेगळ्या कुपीत कोरडी ठेवा, दोन्हींवर एकच क्रमांक घाला. माशी ओळखणाऱ्याला कोषाच्या मागच्या टोकावरची श्वासछिद्रंही लागतात, आणि नवखा माणूस नेमके तेच कोष कचरा समजून टाकून देतो.